हॅमस्टर आजारी, डॉक्टर नाशकात: उपचार करायचे की दयामरण द्यायचं?

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून भटक्या कुत्र्यांचं काय करायचं, यावर देशभर वाद पेटला. तुमच्या मोबाइलवरही त्यातलं बरंच येऊन गेलं असेल. त्या गदारोळात एक गोष्ट मागेच पडली. बऱ्या न होणाऱ्या भटक्या कुत्र्याला दयामरण कसं द्यायचं, हे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत लिहिलेलं आहे. घरात हौसेने पाळलेल्या हॅमस्टर, गिनीपिग किंवा पांढऱ्या उंदराबद्दल मात्र मालकाला असं मार्गदर्शन कुठेच मिळत नाही.

(हेडलाइनमध्ये अनेकदा 'इच्छामरण' लिहितात. प्राणी इच्छा सांगू शकत नाही, म्हणून 'दयामरण' हाच शब्द बरा.)

शहरात ही अडचण फारशी जाणवत नाही. एक डॉक्टर नाही म्हणाला तर दुसरा असतो. मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालयही सुरू झालं. पण सुरगाण्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी काय करायचं? गुजरातच्या सीमेवरचा हा आदिवासी तालुका. नाशिक इथून साधारण 90 किलोमीटर, तेही घाटवळणांच्या रस्त्याने. माणसांनाच मोठ्या उपचारांसाठी नाशिक गाठावं लागतं. 2022 च्या अखेरीस इथल्या सीमेवरच्या काही गावांनी 'सुविधा मिळत नसतील तर आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या' अशी मागणी केली होती, ती उगाच नाही.

पशुवैद्यकीय सेवा इथे आहे ती गाय, बैल, शेळी, कोंबडीसाठी, आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याचं पोट त्यावर चालतं. पण त्यामुळे शे-सव्वाशे ग्रॅमच्या हॅमस्टरला घेऊन गेलेल्या मुलाला दवाखान्यात हसण्यावारी नेलं जाण्याची शक्यता मोठी.

कायदा काय म्हणतो?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव जीव. त्यामुळे उंदीरही त्यात येतो. 2018 च्या पेट शॉप नियमांत तर हॅमस्टर, गिनीपिग आणि उंदीर वर्गातले प्राणी 'पाळीव' म्हणून नावानिशी आहेत. गंमत म्हणजे वन्यजीव कायद्यात उंदीर कावळ्याच्या जोडीने 'उपद्रवी' यादीत होता. ती यादीच 2022 च्या दुरुस्तीने काढून टाकली.

आजारी प्राण्याला पशुवैद्यकाकडून दयामरण देण्यावर मालकाला बंदी नाही. गुन्हा आहे तो क्रूर पद्धतीने मारण्याचा. त्याची शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. आकडा जुना आहे, आणि तो वाचून कुणी घाबरेल असं वाटत नाही.

मग निर्णय कशावर घ्यायचा?

प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी मात्र निकष लिहून ठेवलेले आहेत. याच 1960 च्या कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती आहे. तिच्या नियमांचा आशय असा: प्राण्याला हालचाल करता येत नसेल, भोवतालचं भान राहिलं नसेल किंवा तीव्र वेदना पुन्हा पुन्हा होत असतील, तर त्याला दयामरण द्यावं. प्रयोगाच्या उंदराला जी दया कागदावर मिळते, ती घरच्या उंदरालाही मिळायला हवी. माझ्या मते घरी निर्णय घेताना हेच निकष वापरावेत.

'दोन-चारशेच्या प्राण्यावर हजारोंचा खर्च कशाला?' हा टोमणा ऐकावा लागतोच. पण प्राण्याची किंमत हा इथे निकषच नाही. दोनच गोष्टी पाहायच्या: आजार बरा होणारा आहे का, आणि प्रवास त्याला झेपेल का. हॅमस्टर आणि उंदीर जगतात दोन-तीन वर्षं, गिनीपिग पाच ते सात. अडीच वर्षांच्या उंदरिणीच्या पोटाखाली गाठ आली असेल (माद्यांमध्ये ती खूप आढळते), तर घाटातून नेऊन शस्त्रक्रिया करण्यापेक्षा वेदनाशामक आणि वेळेवर निरोप हे जास्त शहाणपणाचं. उलट वर्षभराच्या गिनीपिगने खाणं सोडलं असेल, तर कारण वाढलेले दात किंवा क जीवनसत्त्वाची कमतरता असू शकतं. दोन्हींवर उपचार आहेत. तिथे हार मानणं घाईचं ठरेल. मात्र गिनीपिगने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट पाहू नका, त्याची पचनसंस्था ठप्प होते.

अडचण अशी की हे प्राणी आजार लपवतात. निसर्गात जो दुबळा दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून. आपल्याला कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवलं, तर घसरण आधी दिसते. नाशिक लांब असलेल्या घरात ही वही फार उपयोगाची आहे.

घरच्या घरी काय करू नये?

मेडिकलमधून आणलेली माणसांची अँटिबायोटिक देऊ नका. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलिन पोटात गेलं तर गिनीपिग आणि हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. गुरांच्या वेदनाशामक इंजेक्शनचा 'थोडासा' डोसही अंदाजाने देऊ नका.

पाण्यात बुडवणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, उंदराचं औषध घालणं हे दयामरण नव्हे. आधी पूर्ण भूल आणि मग भुलीच्या औषधाचा जास्त डोस, हीच पद्धत, आणि ती नोंदणीकृत पशुवैद्यकाच्याच हातून.

हा पशुवैद्यक तालुक्याचा सरकारी डॉक्टरही असू शकतो. त्याने हॅमस्टर कधी हाताळला नसेल, पण भूल देण्याचं शिक्षण त्याच्याकडे आहे. लहान प्राणी पाहणाऱ्या शहरातल्या डॉक्टरशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं, तर डोसचा प्रश्न सुटू शकतो. जायच्या आधी फोन करा, आणि शक्यतो गुरांची गर्दी नसेल अशी वेळ मागा.

नाशिकलाच जायचं ठरलं तर पहाटेची गाडी धरा. उन्हाळ्यात बंद डबा दुपारी तापतो. पाण्याची बाटली सांडते, त्यापेक्षा काकडीचे तुकडे ठेवा.

आणि थंडीत हॅमस्टर गार पडून निपचित दिसला, तर लगेच खड्डा खणू नका. कडाक्याच्या गारठ्यात तो गाढ सुप्तावस्थेत जातो. श्वास इतका मंद होतो की दिसतही नाही. हातांच्या उबेत धरा, उबदार खोलीत ठेवा, निदान अर्धा-पाऊण तास मिशांकडे लक्ष द्या.