काउंटरचा खण आणि मागची तिजोरी

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपने मला एक नवी सवय लावली. सकाळी त्याचे बटण दाबायचे, आत जाऊन चहाचे आधण ठेवायचे, चहा गाळून कप हातात घेऊन परत यायचे, तरी पडद्यावर ते गोल कडे फिरतच असायचे. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला रांगेचे भय नसते. पण आपल्याच घरात, आपल्याच टेबलापुढे, आपणच रांगेत उभे राहायचे, हे काही मनाला पटेना.

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा माझा भाचा एका रविवारी इंदुरीला आला. त्याने यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "मामा, नवा लॅपटॉप घेऊ नका. आतली हार्ड डिस्क तेवढी काढा आणि एसएसडी टाका." मी तळेगावला एका दुकानात गेलो, तर दुकानदाराने तिसरेच काढले. "काका, माझ्याकडे एक हायब्रिड पडून आहे. एक टीबीची. एसएसडीचा वेग, हार्ड डिस्कची जागा. दोन्हींचा फायदा, आणि पैसे तेवढेच!"

'दोन्हींचा फायदा' हे शब्द ऐकले की जुना बँकवाला दोन पावले मागे सरतो. मी विचार करायला आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे उमगले, आणि नवव्या दिवशी जे भोगले, ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण हा प्रश्न आता माझ्या एकट्याचा राहिलेला नाही. घराघरांत दहा-बारा वर्षांचा एक लॅपटॉप असतो, आणि त्यात लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीटा, सोसायटीचा हिशेब असे सारे घर भरून ठेवलेले असते.

आधी जुन्या हार्ड डिस्कचे पाहू. तिच्या पोटात चकचकीत तबकड्या फिरतात आणि एक बारीक आकडा त्यांच्यावरून हलत मजकूर वाचतो. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली यंत्रणा विकायला काढली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि त्या सगळ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. ऐकायला हा वेग अफाट वाटतो; पण हवी ती जागा आकड्याखाली येईपर्यंत, आकडा हलवण्याचा वेळ धरून, पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास जातात. यंत्र सुरू होताना अशी किरकोळ वाचने दहा हजार झाली असे धरा. झाली अडीच मिनिटे! माझा चहा तिथे होत होता.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका या जपानी इंजिनियरने १९८० च्या दशकात ज्या फ्लॅश स्मृतीचा शोध लावला, त्याच जातीच्या चिपा तिच्यात असतात. तिथे एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. तीच दहा हजार वाचने सेकंदाभरात उरकतात. शिवाय इंदुरी-तळेगाव रस्त्यावरचे धक्के खाऊन आकडा तबकडीवर आपटण्याची धास्ती नाही.

मग हायब्रिड म्हणजे काय? ही मला लगेच कळली, कारण अशाच व्यवस्थेत माझे आयुष्य गेले. बँकेत कॅशियरच्या हाताशी एक खण असतो. दिवसभर लागेल तेवढी रोकड त्यात, बाकीची मागे तिजोरीत. नेहमी लागणारे हाताशी, क्वचित लागणारे मागे. हायब्रिड ड्राइव्ह नेमके हेच करते. तबकडी मोठी, आणि जोडीला फ्लॅशचा एक छोटा खण. तुम्ही रोज काय उघडता यावर ती नजर ठेवते आणि तेवढे खणात आणून ठेवते. सीगेट कंपनीने २०१० साली लॅपटॉपसाठी अशी जी ड्राइव्ह काढली, तिच्यात ५०० जीबीच्या तबकडीला ४ जीबीचा खण होता. पुढच्या एक टीबीवाल्या ड्राइव्हला तो ८ जीबीचा झाला.

त्या काळी ही युक्ती हुशारीची होती, हे कबूल केले पाहिजे. एसएसडी तेव्हा मध्यमवर्गाच्या खिशाबाहेर होती. पण आता एकट्या विंडोजलाच वीस-पंचवीस जीबी जागा लागते, तिथे ८ जीबीच्या खणात मावणार किती? आणि खणाबाहेरचे काही मागितले की पुन्हा तीच तबकडी, तोच आकडा, तोच चहा. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दुकानात पडून राहिलेली हायब्रिड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. त्याच पैशात निम्म्या जागेची एसएसडी येत असेल तर ती घ्यावी.

पण हायब्रिडबद्दलची माझी खरी तक्रार वेगाची नाही. 'जे वारंवार लागते ते महत्त्वाचे' असे ती धरून चालते, आणि तिच्यासारखेच आपणही धरून चालतो. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे उलटली की ती रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. तरीसुद्धा खातेदार किंवा त्याचा वारस कागद घेऊन दारात आला, तर पैसे द्यावेच लागतात. जे कोणी मागत नाही, त्याचीही जबाबदारी संपत नाही. हा धडा मी शाखेत कितीतरी कारकुनांना दिला असेल. घरी मात्र विसरलो.

नवव्या दिवशी मी एसएसडी घेतली आणि दुकानदाराने जुन्या डिस्कवरचे सारे नवीवर उतरवायला घेतले. संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, सगळं आलं. एक फोल्डर अडतंय. 'आई' नावाचं."

१९९४ साली मी आईला जात्यापाशी बसवून तिच्या ओव्या एका कॅसेटवर घेतल्या होत्या. बेचाळीस मिनिटे. जात्याची घरघर, मध्येच तिचा खोकला, 'आता पुरे रे' असे म्हणणे, सगळे त्यात होते. ती गेल्यावर काही वर्षांनी कॅसेट संगणकावर चढवून घेतली. मावळातल्या पावसाने कॅसेटला बुरशी धरली, तेव्हा 'आता संगणकात आहे' म्हणून मी ती टाकून दिली. दुकानदाराने दोन दिवस खटपट करून चौतीस मिनिटे वाचवली. शेवटची आठ गेली. तबकडीचा तेवढाच तुकडा कधीतरी खराब झाला होता.

दोष कोणाचा? दुकानदाराचा नाही, डिस्क बनवणाऱ्यांचाही नाही. रोज जे उघडतो त्याचा बिघाड त्याच दिवशी कळतो. वर्षानुवर्षे जे उघडत नाही ते केव्हा गेले हेही कळत नाही. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत यंत्रे आली, तेव्हा दिवसाचे काम संपले की आम्ही डेटाची प्रत काढत असू, आणि एक प्रत दुसऱ्या शाखेत ठेवायला जात असे. शाखेला आग लागली तरी खातेदाराचा पैसा बुडू नये म्हणून. हजारो लोकांच्या खात्यांसाठी जे वर्षानुवर्षे केले, ते आईच्या आवाजासाठी एकदाही केले नाही.

आमच्या इंदुरीच्या माणसाने तरी हे विसरायला नको होते. दाभाड्यांच्या गढीखालून जी इंद्रायणी वाहते, तिच्याच पाण्यात खाली देहूला तुकोबांची गाथा बुडवली गेली. तेरा दिवसांनी ती तरली, ही श्रद्धा. पण जवळच्याच सुदुंबऱ्याला ज्यांची समाधी आहे, त्या संताजी जगनाड्यांनी अभंग आपल्या वह्यांत उतरवून ठेवले होते. गावोगावच्या लोकांच्या तोंडी ते होतेच. वि. ल. भाव्यांनी १९१९-२० च्या सुमारास 'अस्सल गाथा' छापली, ती संताजींच्या वह्यांवरूनच. एक प्रत पाण्यात गेली तरी दुसरी वहीत होती, तिसरी कंठात होती.

ओव्यांच्या बाबतीतही हे काम कोणी केले नाही असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ मुलखापासून सुरुवात करून बायकांच्या मदतीने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या आज 'परी' या संकेतस्थळावर वाचता येतात, काही ऐकताही येतात. ज्यांनी परक्या बायांचे गाणे इतक्या जिवापाड जपले, त्यांच्यापुढे माझी मान खाली जाते.

त्या आठ मिनिटांसाठी मी नवलाख उंबऱ्याला मावशीकडे गेलो. तिने ऐंशी ओलांडली आहे. उरलेली चौतीस मिनिटे तिला ऐकवली. आवाज थांबला तिथे ती क्षणभर गप्प बसली, आणि मग पुढच्या ओव्या तिनेच म्हटल्या. सात आठवल्या. मी त्या उतरवून घेतल्या, आवाजासकट. शब्द परत आले. आवाज मात्र मावशीचा आहे.

तेव्हा एसएसडी घ्यावीच. पण तिच्याकडून नको ती अपेक्षा करू नये. तबकडी बिघडण्यापूर्वी बहुधा करकर करते, एसएसडी मात्र एखाद्या सकाळी न बोलता बंद पडू शकते. तिच्यावरून पुसलेले परत मिळवणे फार अवघड असते. वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची ती वस्तू नव्हे. पुष्कळ वापरून झिजलेल्या एसएसडीने बंद अवस्थेत ३० अंश तापमानात वर्षभर मजकूर टिकवावा, एवढीच या व्यवसायातल्या मानकाची अपेक्षा असते. आणि डिस्क बदलल्याने सारा लॅपटॉप नवा होत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ ला चालत नाहीत, हेही दुकानात जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. आपल्या लॅपटॉपला अडीच इंची ड्राइव्ह बसते की एम-टू जातीची, तेही.

हायब्रिडची कल्पना मुळात वाईट नाही. ती एका डबीत कोंबली, एवढेच चुकले. काउंटरचा खण आणि तिजोरी एकाच टेबलात ठेवणारी बँक मी तरी पाहिली नाही. लॅपटॉपमध्ये एसएसडी असू द्या, तो तुमचा खण. उरलेल्या पैशात एक साधी बाहेरची हार्ड डिस्क घ्या, तिच्यावर सगळ्याची प्रत ठेवा, ती तुमची तिजोरी. आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या जशा दोघांकडे असतात, तशी एक प्रत दुसऱ्या घरी द्या. लेकीकडे, भावाकडे, कोणाकडेही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला म्हणा, सगळे उघडून पाहा. नुसते आहे एवढे पाहू नका. उघडा, ऐका, शेवटपर्यंत ऐका.

माझा लॅपटॉप आता पंधरा-वीस सेकंदांत उभा राहतो. चहा त्यानंतर होतो. आईच्या आणि मावशीच्या ओव्या आता चार घरांत आहेत. भाच्याने परवा विचारले, "मामा, एवढ्या प्रती कशाला?" मी त्याला म्हटले, "अरे, गाथेच्या किती होत्या ते कुणी मोजलंय का?"