मातीची पुंजी

देशावरील काळ्या रानांतलें, चुनखडीचे बारीक खडे असलेलें एक ढेकूळ घ्यावें आणि त्यावर लिंबू पिळावें. क्षणभर फसफस होते, बुडबुडे उठतात आणि मग सारें शांत होतें. कोंकणांतील तांबड्या मातीवर लिंबू पिळलें तर ही फसफस दिसत नाहीं. हा खेळ पाहून घरांतील एका मुलानें आम्हांस विचारलें, "बुडबुडे थांबले, म्हणजे मातींतलें काय संपलें?" प्रश्न मोठा मार्मिक आहे. खर्ची पडला तो थोडा चुना. आणि चुना ही मातीची पुंजी होय.

चिकणमातीचा कण म्हणजे सिलिका व ॲल्युमिनियम यांच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची चवड. पापुद्र्यांवर ऋण विद्युद्भार असल्यामुळें कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हीं पिकांचीं पोषक द्रव्यें त्यांना बिलगून राहतात. आम्ल आलें म्हणजे त्यांतील हायड्रोजन या द्रव्यांना उठवून त्यांच्या जागीं बसतो, आणि उठविलेलीं द्रव्यें पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातात. चुना शिल्लक असेतों तो आम्लाचें बळ मोडतो. परंतु तो संपून मातीचा सामू 5 च्या खालीं घसरला, म्हणजे खुद्द कणच विरूं लागतो, आणि त्यांतून सुटलेलें ॲल्युमिनियम मुळांचीं कोंवळीं टोकें खुंटवितें.

हें आम्ल दर वेळीं बाहेरून ओतलेलेंच असतें असें नाहीं. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट या जोडीनें 1856 सालीं एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडून निरनिराळीं खतें देण्यास आरंभ केला. तो प्रयोग अद्याप चालू आहे. खत न दिलेल्या पट्ट्यांत गवत थोडें, पण वनस्पतींच्या जाती पस्तीसाहून अधिक. उलट ज्यांना अमोनियम सल्फेट भरपूर मिळालें आणि चुना मुळींच मिळाला नाहीं, त्यांचा सामू 4 च्याही खालीं गेला व तेथें दोनतीनच जाती उरल्या. जमिनींतील जंतू अमोनियाचें नायट्रेट बनवितात, तेव्हां आम्ल उत्पन्न होतें, त्याचा हा परिणाम. मेलेलें गवतही तेथें नीट कुजेना; त्याचा थर साचून राहिला. 1903 पासून बहुतेक पट्ट्यांच्या अर्ध्या भागास नियमानें चुना देऊं लागले, आणि त्या अर्ध्या भागांत आज जाती अधिक आढळतात.

खत तर पोषणाकरितांच घातलें होतें! पीक जोमदार दिसत असतांही खालची शिल्लक घटत असूं शकते, हें यांतून ध्यानीं घ्यावयाचें. कोंकणांत मुसळधार पावसानें ती मुळांतच धुऊन नेली आहे. तेथें अशीं खतें देणारानें मातीचें परीक्षण करून चुना द्यावा. काळ्या चुनखडीच्या रानांत मात्र उगाच चुना टाकूं नये; त्यानें पिकांना लोह व जस्त मिळेनासें होतें. आणि मोरी धुण्याचें तेजाब परसांतल्या झाडांच्या आळ्यांत जाऊं देऊं नये, हें गृहिणींस निराळें सांगावयास नकोच.

वडिलार्जित दागिन्यांची मोजदाद आपण अधूनमधून करतोंच. वडिलार्जित मातीचीही करावी. कारण पुंजी सरत आली तरी ती बोलून दाखवीत नाहीं.