रिव्हर व्ह्यू

दिवाळीत घरी गेलो तर बाबा बदलापूरच्या एका फ्लॅटचं ब्रोशर घेऊन बसलेले. बाल्कनीतून उल्हास नदी, वीस वर्षांचं कर्ज. "ठाण्यात एवढ्यात किचनपण येणार नाही!" खरंय. पण पूररेषा? बिल्डर म्हणे, निळीच्या बाहेर आहे, परवानगी आहे.

मित्रांनो, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. "एकदाच ना?" बाबा खूश. इथेच सगळे फसतात, हायड्रॉलॉजी पास झालेले आपणसुद्धा! २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी ४ टक्के. कर्जाच्या वीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के, लाल रेषेवर १८. दोन्हींच्या मधलं घर त्यामधलंच कुठेतरी. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ते आठवा.

परवानगी मिळाली म्हणजे घर कोरडं राहील असं नाही. स्विमिंग पूल छापतात तशी पूररेषाही ब्रोशरवर छापायची सक्ती हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

"तिसरा मजला घेतला तर?" बाबांनी विचारलं.

घेऊ. पण मीटररूम, लिफ्टचा खड्डा आणि तुमची स्कूटर तळमजल्यावरच राहणार ना!