"त्याला आवडत नाही" म्हणे!

घरात गिनीपिग पाळलेल्या माणसाच्या तोंडून हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो, आमचा गवत खातच नाही. त्याला आवडतच नाही." आणि हे सांगताना चेहऱ्यावर काळजी कमी, कौतुकच जास्त! "आमचा बंड्या पालेभाजीला हात लावत नाही हं" असं चारचौघांत सांगणाऱ्या आईचं असतं ना, अगदी तसंच. मला या कौतुकाचा भयंकर राग येतो. आज तो सविस्तर काढायचं ठरवलंय. आमच्या नातेवाईक मंडळींनी मनाला लावून घेतलं तरी चालेल. किंबहुना घ्यावंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे बटाट्या नावाचा गिनीपिग आहे. नेरूळला आमच्याच बिल्डिंगमधलं एक कुटुंब बदली होऊन गेलं आणि जाताना पिंजऱ्यासकट त्याला आमच्या हवाली करून गेलं. सोबत एक पिशवी होती. तिच्यात सूर्यफुलाच्या बिया, मका, गहू, रंगीत गोळ्या असं "मिक्स" आणि मारी बिस्किटांचा पुडा. "एवढंच खातो, बाकी काही लागत नाही," असं सांगितलं त्यांनी. माणसं प्रेमळ होती, त्याबद्दल शंकाच नाही. पण बटाट्याची लव राठ झाली होती, तो मागचे पाय ओढत चालायचा आणि हनुवटी कायम लाळेने ओली. वजन ६४० ग्रॅम. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गवत देता का?"

आता हा प्रश्न का, ते नीट समजून घ्या. गिनीपिगला वीस दात असतात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे चार आपल्याला दिसतात, खरी गंमत मागच्या दाढांची. चिवट गवत आडवं आडवं रगडून चघळलं की दाढा झिजतात. बिया आणि बिस्किटं दोन चाव्यांत संपतात, दाढा झिजणार कशाने? मग त्या वाकड्यातिकड्या वाढतात, जिभेला, गालाला टोचतात, आणि प्राणी खाणं सोडतो. म्हणजे "आवडत नाही" म्हणून गवत द्यायचं नाही, आणि मग गवत न दिल्यामुळे एक दिवस त्याला काहीच खाता येत नाही. याला लाड म्हणायचं?

दुसरी गोष्ट क जीवनसत्त्वाची. माणसासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही, रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी जहाजावरच्या खलाशांच्या आजाराचा शोध घेताना गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घातलं. त्या प्राण्यांना चक्क स्कर्व्ही झाला! जागी उंदीर असते तर काहीच झालं नसतं, कारण उंदीर आपलं क जीवनसत्त्व आपणच बनवतो. पुढे १९३२ मध्ये क जीवनसत्त्व म्हणजे नेमका कुठला पदार्थ, हे सिद्ध झालं तेही गिनीपिगवरच्याच प्रयोगांतून, आणि सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने ते भरपूर प्रमाणात काढलं ते तिथल्या लाल मिरच्यांतून. १९३७ चं नोबेल मिळालं त्याला.

म्हणजे बघा, नुसत्या धान्यावर गिनीपिग ठेवला की काय होतं, हे जगाला शंभरहून जास्त वर्षं माहीत आहे. आणि आपण तोच प्रयोग रंगीत पिशवीतून विकत आणून घरोघरी करतोय. वर म्हणतोय, त्याला आवडतं!

"मग पाण्यात थेंब टाकायचे की," इति आमचे एक काका. नाही टाकायचे. पाण्यात, उजेडात ते जीवनसत्त्व भराभर नासतं. शिवाय पाण्याची चव बदलली की हे महाशय पाणीच कमी पितात. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम एवढीच तर गरज आहे, आणि १०० ग्रॅम ढोबळी मिरचीत साधारण ८० मिलिग्रॅम असतं. मिरचीची एक जाड फोड आणि चार काड्या कोथिंबीर. भाजीवाल्याकडे उरलेल्या सुट्ट्या पैशांत होणारं काम आहे हो हे!

आता दुसरी पार्टी. ही लाड करणाऱ्यांच्या अगदी उलट. "दोन दिवस उपाशी ठेव, भूक लागली की मुकाट्याने खाईल." आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना याच तत्त्वावर दोडकं खायला शिकवलं गेलंय, त्यामुळे हा सल्ला फार आत्मविश्वासाने दिला जातो. पण गिनीपिगचं पोट आपल्यासारखं नाही. ते सतत चालू राहावं लागतं. एक दिवस जरी पोटात काही गेलं नाही तरी आतडी थंडावतात, वायू धरतो, आणि प्राणी दगावू शकतो. म्हणजे लाडाने हळूहळू मारायचं की शिस्तीने पटकन, एवढाच फरक. दोन्हीकडे कष्ट मात्र आपल्याला शून्य!

माझं म्हणणं असं, की "आवड" ही सवय असते. गिनीपिगचं पिल्लू जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच आईच्या बरोबरीने चावायला लागतं. तेव्हा जे समोर आलं ते त्याच्या लेखी अन्न. जे आलं नाही ते संशयास्पद. बटाट्याला कोथिंबीर नावडती नव्हती, त्याला ती खायची वस्तू आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला वेळ लागतो, बस्स.

आम्हाला सात आठवडे लागले. बिया एकदम बंद केल्या नाहीत, रोज चिमूटभर कमी. सकाळी भूक असते तेव्हा आधी गवत, मग बाकीचं. एका वेळी एकच नवी भाजी, तीही नखाएवढी, ओळखीच्या खाण्याशेजारी. नाकारली तर उद्या परत, परवा परत. कोथिंबिरीच्या काड्या गवतात खोचून ठेवायच्या, म्हणजे शोधता शोधता गवतही तोंडात जातं. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर सुरुवातीला रोज, नंतर आठवड्याला वजन, कारण हा प्राणी दुखणं शेवटपर्यंत लपवतो, काटा लपवत नाही. अकराव्या दिवशी त्याने पहिली काडी ओढली. आज वजन ८७० आहे.

"पण इथे गवत कुठून आणणार?" हा पुढचा बहाणा. पामबीच रोडच्या कडेचं आणू नका, गाड्यांचा धूर खाल्लेलं असतं. बागेतलंही नको, फवारणी आणि कुत्री. पण गणपतीला एकवीस जुड्या वाहतो त्या दूर्वा म्हणजे शेतकऱ्याची हरळीच. धुऊन निथळून दिल्या की उत्तम. वाळलेलं गवत विकतही मिळतं, फक्त आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्याला बुरशी धरते, तेव्हा थोडं थोडं आणायचं आणि वास घेऊन द्यायचं. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने मुतखडे होतात. पालक क्वचित. कांदा, लसूण, अळू, दूध आणि (नावाला न जागता) बटाटा, कधीच नाही.

"मुक्या जिवाला मागेल ते द्यावं, पुण्य लागतं," असं मावशी म्हणते. मावशी, तो मुका नाही गं, पिशवी वाजली की घर डोक्यावर घेतो. पण तो मागतो ते आपणच शिकवलेलं असतं. बिस्किट दिल्यावर तो जे आनंदाने उड्या मारतो ना, ते आपल्याला हवं असतं. म्हणजे भूक त्याची नाही, आपली. कौतुकाची. आणि त्याची किंमत त्याच्या दाढा देतात.

असो. पुढच्या महिन्यात गणपतीला सगळे येणार आहात, जरूर या. येताना बटाट्यासाठी बिस्किटाचा पुडा आणलात तर तो दारातच काढून घेतला जाईल, मग रुसू नका. कोथिंबिरीची जुडी आणा. आणि त्याने पहिल्यांदा तोंड फिरवलं, तर "आवडत नाही वाटतं" असं म्हणायचं नाही. थांबायचं. :)