हुन्नर राहो, बेडी तुटो



आमचे आजोबा बांबूच्या रोवळ्या विणीत. लांज्याच्या बाजारात त्या खपत. पण घेणारे पैसे वरून टाकीत. म्हणून वडिलांनी आम्हाला बांबूला हात लावू दिला नाही, शाळेत घातले. आम्ही बी.कॉम. झालो, कारकून झालो. वडिलांचे चुकले असे आम्ही कधीच म्हणणार नाही. मात्र आज आमच्या घरात रोवळी विणता येणारे एकही माणूस उरलेले नाही, ही खंत आहेच.

मग कला टिकवावी कशी? कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करीत आला. देवळात एकेक चित्र दाखवीत रामायण-महाभारताच्या कथा गायच्या, ही त्यांची रीत. सिनेमा, टी.व्ही. आले आणि प्रेक्षक आटले. पण परशुराम गंगावणे यांनी चित्रांचे गाठोडे माळ्यावर टाकले नाही. २००६ साली त्यांनी चक्क गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. मुलांना कला शिकविली, येणाऱ्याजाणाऱ्यालाही समजावून दिली. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

असेच उदाहरण दूर आफ्रिकेतही आहे. नायजेरियातील योरुबा लोकांत जुळ्यांपैकी एक मूल दगावले, तर त्याची लहानशी लाकडी मूर्ती करून आई ती जपत असे. तिला इबेजी म्हणतात. अशा पवित्र मूर्ती कोरणाऱ्या घराण्याच्या पाचव्या पिढीतले लामिदी फाकेये. घरची विद्या होतीच, तरी ते दुसऱ्या घराण्यातील बांदेले यांच्या हाताखाली शागिर्द राहिले. पुढे इफेच्या विद्यापीठात त्यांनी इतरांना ही कला शिकविली. २००९ साली ते वारले. विद्या मात्र घराबाहेर पोचली होती.

जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. वाईट होती ती जन्माने गळ्यात बांधलेली सक्ती. हुन्नर वाईट नव्हता. ती सक्ती आम्ही झुगारली, ते योग्यच केले. आता हुन्नर मात्र आपखुशीने, मानाने शिकता आला पाहिजे. मे महिन्याच्या सुट्टीत विहारात जाणत्या वडीलधाऱ्यांना बोलवा, त्यांना मानधन द्या. मुलगा-मुलगी पाहू नका, जात विचारू नका. शिकून पोरे डॉक्टर होवोत, वकील होवोत. बोटांत एक कला असल्याने काही बिघडत नाही.

आपल्या घरी असे जाणते कोणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. आम्ही बसायला उशीर केला.