वजन उतरले, पुढे काय?

आपल्या गावात वजन उतरवून देणाऱ्यांना सध्या तोटा नाही. उतरल्यानंतर जेवायचे कसे, हे सांगणारा मात्र शोधून सापडत नाही.

परवा एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. मुलीच्या लग्नाआधी एका वर्गात नाव घालून, रोज 1200 उष्मांकांवर (म्हणजे कॅलरींवर) राहून त्यांनी चार महिन्यांत 84 किलोंचे 73 केले होते. तक्ता संपला तेव्हा "आता पूर्वीसारखे जेवा," एवढेच त्यांना सांगण्यात आले. आठ महिन्यांत काटा पुन्हा 82 वर! "डॉक्टर, माझाच जिभेवर ताबा नाही," असे म्हणताना बाईंचे डोळे भरून आले.

मला हे मुळीच मान्य नाही. चूक असलीच तर त्या "पूर्वीसारखे" या शब्दात आहे. 11 किलोंचे ओझे उतरलेल्या शरीराला पूर्वीपेक्षा रोज दीड-दोनशे उष्मांक कमीच लागतात. म्हणजे जवळजवळ एक भाकरी. त्यात उपासमार सोसलेले शरीर खर्च आवरते घेते आणि भूक वाढवते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली अॅन्सेल कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले होते. पुढे अन्न मिळू लागल्यावर त्यांतल्या अनेकांची पोटभर जेवूनही भूक भागेना, आणि स्नायूंच्या आधी चरबी भरून आली. त्यांना हावरट म्हणायचे काय? आणि आपल्याकडे तर पथ्य सुटल्याचे कळायचा अवकाश, "अगं, घे की अजून एक पुरणपोळी," हा आग्रह आहेच.

तेव्हा वाचकहो, खाणे वाढवायचे ते हिशेबाने. दर आठवड्याला रोजच्या जेवणात साधारण शंभर उष्मांकांची भर घालावी: आधी अर्धी भाकरी, मग वाटीभर वरण. तेल-तूप शेवटी. पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो वाढले तर घाबरू नका. साठवलेल्या पिष्टाबरोबर शरीर पाणीही धरते, ती चरबी नव्हे. पुढे दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहिले की तोच आपला नवा आहार. अशाने शरीराची चक्की वेगाने फिरू लागते, असे काही व्यायामशाळांत सांगतात. ते सिद्ध झालेले नाही. कुठे थांबायचे ते कळते, हाच खरा फायदा. चालणे मात्र सोडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन पथ्याच्या काळात कमी केले असेल, तर खाणे वाढवताना रक्तातील साखर तपासून डॉक्टरांना दाखवावी.

बाईंना मी महिनाभर वजन आहे तेथेच टिकवायला सांगितले आहे. नंतर सावकाश उतरवू. या खेपेला वहीच्या पहिल्या पानावर उतरवण्याचा नव्हे, तर त्यानंतरच्या जेवणाचा तक्ता लिहिला आहे. पुढच्या सोमवारी त्या वही घेऊन येणार आहेत.