गहू बंद केला, तरी पोट बिघडलेलंच: सीलिॲक आजारात पथ्य का पुरत नाही?

सीलिॲक आजारावर आजही एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे आयुष्यभर ग्लूटेन बंद. गहू, रवा, मैदा, बार्ली यांत हे प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या रुग्णांची रोगप्रतिकारक शक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. ग्लूटेन थांबलं की बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटू लागतं. पण काहींचे जुलाब, अशक्तपणा, घटतं वजन वर्षभर पथ्य पाळूनही थांबत नाही. असं का?

पहिला संशय स्वयंपाकघरावर

रुग्ण चोरून खातो असं नाही, ग्लूटेनच लपून येतं. डबीतल्या हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं. सोया सॉसमध्ये गहू, माल्टच्या पेयांत बार्ली. आणि गिरणी! गव्हाच्या दळणानंतर लगेच ज्वारी टाकली, तर भाकरीच्या पिठात गहू उतरतोच. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेनही आतड्याला इजा करू शकतं, आणि तेवढं पोळीच्या लहानशा तुकड्यात असतं. भारतात पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीतल्या दळणावर मात्र लेबल नसतं.

पीठ स्वच्छ असेल तर?

मग इतर कारणं बघावी लागतात. दूध पचत नसेल, लहान आतड्यात जीवाणू वाढले असतील, स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असतील. कधी मूळ निदानच चुकलेलं असतं. जिआर्डियाचा संसर्ग आणि ट्रॉपिकल स्प्रू यांतही अस्तराची अशीच झीज दिसते आणि आपल्याकडे हे दोन्ही आढळतात. डॉक्टर जुन्या बायोप्सीचे रिपोर्ट पुन्हा मागतात ते त्यासाठी.

हे सगळं वगळून, १२ महिन्यांच्या काटेकोर पथ्यानंतरही त्रास आणि अस्तराची झीज कायम राहिली, तर त्याला ‘रिफ्रॅक्टरी’ सीलिॲक म्हणतात. हा प्रकार दुर्मिळ, आणि मुख्यतः प्रौढांत दिसतो. टाइप १ मध्ये ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडने बहुतेकांना आराम पडतो. टाइप २ जास्त गंभीर. त्यात अस्तरातल्या काही पांढऱ्या पेशी बिघडतात आणि ग्लूटेन नसतानाही वाढत राहतात. पुढे त्यातून लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर होऊ शकतो.

दोन प्रकारांतला फरक आतड्याच्या तुकड्याच्या खास तपासणीतच कळतो. टीटीजी ही रक्तचाचणी नॉर्मल येऊनही अस्तर खराब असू शकतं. त्यामुळे त्रास थांबत नसेल, तर मनानेच पथ्य सोडण्याआधी पोटविकारतज्ज्ञांना भेटा. जाताना हिंगाची डबीही सोबत न्या.